कनातीपलीकडचा बेस

आमच्याकडच्या लग्नमांडवाला दोन टोकं असतात. एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला भट्ट्या. मध्ये खुर्च्या, खुर्च्यांमागं पंगतीच्या लांब पट्ट्या, आणि त्याही मागं रंग उडालेली कापडी कनात. तिच्या आडोशाला स्वयंपाक चालतो. पंधरा-सोळा वर्षं मी या टोकाला बेस गिटार गळ्यात घालून उभा राहिलो आणि माझी माय त्या टोकाला पुऱ्या लाटत बसली. आम्हा दोघांना काम देणारा टेंटवाला एकच. बालाघाटात त्याचं गोदाम आहे. मांडव, आचारी, पुऱ्या लाटणाऱ्या बाया, ऑर्केस्ट्रा, सगळं तोच ठरवतो. त्यामुळं लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही मायलेक एकाच गाडीत बसायचो. मी पुढं, स्पीकरला टेकून; ती मागं, चार बायांसोबत, पोळपाटांची पिशवी मांडीवर घेऊन. वैनगंगेचा पूल आला की ती हात जोडायची. मग गाव यायचं, आम्ही उतरायचो, आणि तिथून पुढं दिवस कलेपर्यंत मी तिला दिसत नसे, ती मला दिसत नसे.

गेल्या साली माघात, हंगामाच्या पहिल्याच लग्नाला जाताना, पुलावर हात जोडून झाल्यावर ती मागूनच म्हणाली, "बाबू, एवढा सीझन काढतो आन मंग बस. गुडघे आयकत नाई आता."

मी "ठीक आहे" म्हटलं. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. पण गाडी वारासिवनीकडं निघाली, बाहेर कापलेल्या धानाची पिवळी खुंटं एकसारखी मागं सरकत राहिली, आणि मी मनात मोजायला लागलो. म्हणजे आता थोडीच लग्नं उरली. मग माय घरी बसणार. आणि तिनं मला वाजवताना एकदाही ऐकलेलं नसणार.

हे मला त्या दिवशी कळलं असं नाही. ते मला पहिल्यापासून माहीत होतं आणि मी ते चांगलं जपून ठेवलं होतं. मी मुळात रुसका माणूस आहे. एखादी गोष्ट लागली की मी भांडत नाही, ती आतल्या आत घडी करून ठेवतो आणि अधूनमधून काढून बघतो. तरुणपणी मी धानाच्या गिरणीवर कामाला होतो. एका संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, गिरणी सोडतो, ऑर्केस्ट्रात जातो. माय चुलीपुढं बसली होती. ती ना ओरडली, ना रडली. तव्यावरची भाकर उलटवत एवढंच म्हणाली, "वाजव बाबा. पन मले समोर येऊन बसाले सांगू नोको."

मी नाही सांगितलं. पंधरा-सोळा वर्षं नाही सांगितलं.

त्यात मी वाजवतो काय, तर बेस. हे वाद्य ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दिसायला गिटारसारखंच, पण मान लांब आणि तारा चारच, त्याही जाडजूड. आवाज खोल, जमिनीखालून आल्यासारखा. गाण्याच्या खाली तो सतत चालू असतो आणि तो चालू आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. दर लग्नात नवऱ्याकडचा एखादा तरी स्टेजपाशी येऊन माझ्या तारा मोजतो आणि विचारतो, "भैया, दो तार टूट गए क्या?" पहिल्या वर्षी मी समजावून सांगायचो. नंतर "हाँ भैया, कल लगवा लूँगा" म्हणून मोकळा व्हायचो. गायिकेला लोक बक्षिसं देतात, विजेचे ढोल वाजवणाऱ्या ऑक्टोपॅडवाल्याचे हात बघायला खुर्च्या पुढं ओढतात. बेसवाल्याचं तसं काही नसतं. तो नसला तर कोणाला कळणारही नाही, असं मी चेष्टेत म्हणायचो आणि मनातून मला ते खरंच वाटायचं.

हट्टा गावच्या एका लग्नात तर ते सिद्धच झालं. बावडीकडच्या मैदानात मांडव होता. ऐन गाण्यात नवऱ्याच्या दोस्तांचा नाच रंगला, त्यातल्या कोणाचा तरी पाय माझ्या केबलवर पडला आणि केबल अँपमधून, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या डब्यातून, निघाली. गर्दी अशी की अँपपर्यंत जाता येईना. अर्धं गाणं मी नुसती बोटं हलवत उभा होतो. एकानंही वळून पाहिलं नाही. नाच तसाच चालू. गाणं संपल्यावर टाळ्याही पडल्या. त्या दिवशी घरी परतल्यावर मी भिंतीला टेकून बसलो होतो, तर माय तेलाची वाटी घेऊन समोर येऊन बसली. "हात दे इकडं," म्हणाली. "दुखते का हात? दुखत असन तं सांगत जाय." आणि मनगट चोळायला लागली. मला वाटलं, ही आता म्हणणार, झेपत नाही तर सोडून दे, गिरणीवर जा. मी हात ओढून घेतला. ती वाटी उचलून आत गेली. ती घडीही मी नीट ठेवून दिली.

आता केबलविषयी. बेस आणि अँप यांच्यामध्ये एक काळी केबल असते. आमची सगळी माणसं तिला वायर म्हणतात. माझी तीन पावलं लांब होती. दोन ठिकाणी चिकटपट्टी लावलेली, आणि तिरोडीच्या बाजूला खाणीजवळच्या गावांत वाजवून आलो की काळ्या धुळीनं हात काळे करणारी. तीन पावलं म्हणजे स्टेजवरचं माझं सगळं जग. पुढं गेलो की ती ताणायची, मागं आलो की पायात यायची. खुंटीला बांधलेल्या जनावराला आपली जागा जशी पाठ होते तशी मला ती पाठ झाली होती. तिथून मला समोर खुर्च्या दिसत, त्यापलीकडं पंगत, आणि सगळ्यात शेवटी ती कनात, वाऱ्यानं हलणारी. कधी तिच्या फटीतून धूर यायचा. कधी उन्हात एखाद्या बाईची सावली कापडावर उमटायची आणि विरायची. ती मायचीच असेल असं मी धरून चालायचो.

पंगत बसली की आम्ही संथ जुनी गाणी वाजवतो. आमच्या धंद्यातला हा रिवाजच आहे. तेव्हा स्टेजसमोर कोणी उरत नाही. सगळे जेवायला उठलेले, खुर्च्या वेड्यावाकड्या, एखाद्या खुर्चीवर विसरलेली ओढणी. गायिका डोळे मिटून गाते, ऑक्टोपॅडवाला कांड्या ठेवून बोटांनी वाजवतो. दुपारचं ऊन मांडवाच्या कापडातून गाळून गुलाबी, निळं, पिवळं होऊन जमिनीवर पडलेलं असतं. हा तास मला फार आवडतो. या तासात मी अर्धा झोपेत असल्यासारखा वाजवतो. आणि दर वेळी, त्या रिकाम्या खुर्च्यांमधल्या पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीत, मी मायला आणून बसवत असे. मनातल्या मनात. पदर नीट करून, हाताला लागलेलं पीठ पुसत ती बसायची. गाणं संपलं की नाहीशी व्हायची.

तर मी वायरलेस घेतलं. ऑक्टोपॅडवाल्याला सांगितलं की पायात वायर येतो, हट्ट्यासारखं पुन्हा नको व्हायला. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण वेगळं होतं. माय समोर येणार नसेल तर मी मागं जाणार होतो. वाजवत वाजवत, कनातीच्या आत, तिच्यापुढं. हंगाम संपायच्या आत एकदा.

नागपूरहून आलेल्या डबीतून दोन काळे तुकडे निघाले, अंगठ्यापेक्षा थोडे मोठे. एक बेसच्या भोकात बसवायचा, दुसरा अँपच्या. दोघांवर बारीक निळा दिवा. चालू केले की दोन्ही दिवे थोडा वेळ लुकलुकतात, एकमेकांना शोधतात, आणि ओळख पटली की स्थिर होतात. मग मध्ये काही नाही. मी घराच्या अंगणात उभा राहून तार छेडली आणि आतल्या खोलीत आवाज झाला. पुन्हा छेडली, पुन्हा आत झाला. मी कितीतरी वेळ तेवढंच करत बसलो. हात इथं आणि आवाज तिथं, स्वप्नात असतं तसं.

पहिल्याच लग्नात मात्र त्यानं मला रडवलं. आवाज मध्येच तुटायचा, दोन ठोके गायब, पुन्हा चालू. टेंटवाला स्टेजच्या बाजूला येऊन म्हणाला, "भाई, तुम्हारा डब्बा हिचकी ले रहा है." आम्हाला वाटलं अँप गेला. ऑक्टोपॅडवाल्यानं त्याला दोन चापट्या मारल्या, मी एक लाथ घातली. अँपचा काही दोष नव्हता. फाल्गुनातच ऊन तापलेलं म्हणून नवरानवरीला वारा लागावा यासाठी टेंटवाल्याच्या माणसांनी पाण्यानं काठोकाठ भरलेला मोठा कूलर बरोबर अँपसमोर आणून लावला होता. मी कूलरच्या या बाजूला, अँप त्या बाजूला. या तुकड्यांची बिनतारी लहर पाण्यातून जात नाही, पाणी तिला पिऊन टाकतं, हे मला नंतर एकानं सांगितलं. कूलर सरकवला, उचकी थांबली. पाण्याच्या आड उभं राहायचं नाही, हे मी त्या दिवशी शिकलो आणि पुढं विसरलो.

दुसरी गोष्ट ऑक्टोपॅडवाल्यानं शिकवली. मी स्टेजवरून उतरून खुर्च्यांच्या मागं गेलो की माझा ताल ढिला पडायचा. तो हातवारे करून ओरडायचा. मला कळेना, मला तर बरोबर ऐकू येत होतं. मग तो म्हणाला, "अरे, तुला तिथं गाणं उशिरा पोचते. तू त्याच्यासंग वाजवते आन आमच्या मागं राह्यते. आयकू येते त्याच्या जरा आधी वाजव."

ऐकू येतं त्याच्या जरा आधी. हे बोलायला सोपं आहे. करताना डोकं गरगरतं. बोट आधी पडतं आणि आपलाच आवाज मागून सावकाश चालत येतो. कानावर विसंबायचं नाही, बोटांवर सोडून द्यायचं. मला ते जमलं तेव्हा चैत्र लागला होता. त्या दिवसांत मी मांडवभर हिंडायचो. पंगतीच्या कडेनं, पाहुण्यांच्या मधून, एकदा तर बाहेरच्या आंब्याखाली जाऊन आलो. लोकांना गंमत वाटायची. एक म्हातारा माझ्यामागं मागं फिरून बेसच्या खाली वाकून बघत होता. "वायर कुठं गेला रे बाबू?"

"वायर नाही लागत बाबा."

"मंग करंट कुठून येते?"

"हवेतून."

तो दोन पावलं मागं सरकला आणि तिथून पुढं माझ्या जवळ आला नाही.

असा मी सगळीकडं हिंडलो, फक्त कनातीच्या आत गेलो नाही. दर लग्नात ठरवायचो आणि दर लग्नात कनातीपासून दहा पावलांवर येऊन माघारी फिरायचो. तिनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा पुऱ्याच लाटायला लागली तर? चार बायांसमोर "काहून आला इथं, जाय तिकडं" म्हणाली तर? पंधरा-सोळा वर्षांचा रुसवा एका वाक्यात खरा ठरला असता, आणि मला तो खरा ठरायला नको होता. वैशाख गेला. जेठात दोन लग्नं उरली, मग एक.

ते शेवटचं लग्न कटंगीच्या वाटेवरच्या एका गावात होतं. लग्न दुपारचं. सकाळी गाडीत माय नेहमीसारखीच बसली, पुलावर हात जोडले. फक्त पोळपाट पिशवीतून काढून एकदा पदरानं पुसला आणि परत ठेवला. मी आरशात बघत होतो.

अक्षता पडल्या, फोटो झाले, पंगत बसली. स्टेजसमोरच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. गायिकेनं डोळे मिटले. मी ऑक्टोपॅडवाल्याकडं पाहिलं आणि कनातीकडं मान हलवली. त्याला बहुतेक सगळं आधीच कळलेलं होतं. तो म्हणाला, "जाय. आयकू नोको, नुसतं वाजव."

मी उतरलो. रंगीत उन्हाच्या ठिगळांवरून चालत गेलो. पंगतीच्या दोन रांगांमधून जाताना वाढपी बादल्या घेऊन अंग चोरत होते. दोन्ही हात गुंतलेले बघून एकानं चमच्यानं थोडी बुंदी माझ्या तोंडात घातली. गोड, कोमट बुंदी चघळत, बोटं चालवत मी पुढं गेलो. माझा आवाज माझ्या पाठीमागून येत होता, मग दुरून येऊ लागला, आणि मी त्याच्या जरा पुढं चालत होतो. ऊन, जेवणारी माणसं, पत्रावळींचा वास, सगळं पातळ झाल्यासारखं. कनातीच्या दोन कापडांमध्ये फट होती. मी खांद्यानं ती सारली आणि आत शिरलो.

आत पाऊल टाकलं आणि गाणं गेलं.

मला वाटलं गायिका थांबली. मी कान दिला. ती थांबली नव्हती. तिचा आवाज कापडात, पंगतीच्या गलक्यात, कढईच्या चरचरीत कुठंतरी विरून गेला होता. कीबोर्ड नव्हता. ऑक्टोपॅडचा एखादा टोला आला तर आला. जे येत होतं ते एकच. खोल, गोल, एका मागून एक. जमिनीतून येऊन तळपायाला लागत होतं. ते ओळखायला मला एक क्षण लागला, कारण मी ते कधी असं एकटं ऐकलं नव्हतं. कसं ऐकणार? इतकी वर्षं मी तीन पावलांच्या वायरला बांधलेला होतो, अँपच्या शेजारी, जिथं सगळंच एकदम कानावर आदळतं; वायरलेसवर हिंडलो तेव्हाही सगळं गाणं सोबतच होतं. मी इथं आलो की स्टेजवर शांतता असायची, आणि तिथं वाजायचं तेव्हा मी इथं नसायचो.

तो बेस होता. कनातीच्या या बाजूला, सगळ्या ऑर्केस्ट्रातून, फक्त बेस येत होता.

चुलवणावर वरणाचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, होता आणि त्यावर झाकण म्हणून उलटी परात घातलेली. मी खालची तार वाजवली की ती परात थरथरायची, गंजाच्या काठावर किणकिणायची. माय तिच्या बाजूलाच, माझ्याकडं पाठ करून, पाय पसरून बसली होती. एक गुडघा फडक्यानं बांधलेला. चार बाया तिच्या भोवती, माना पोळपाटावर, मध्ये भट्टीचा धूर. तिचं लाटणं फिरत होतं. मी बघत राहिलो. लाटणं पुढं जात होतं ते परातीच्या किणकिणाटावर, मागं येत होतं ते पुढच्यावर. दोन ठोक्यांना एक पुरी. मी गाण्यातली लय सोडली नाही, पण एका ठिकाणी एक जास्तीचा सूर घातला, जो मला वाजवायला आवडतो म्हणून मी दर वेळी घालतो. तिचं लाटणं तिथं थबकलं आणि बरोबर त्या सुरानंतर पुढं गेलं. तिला तो तिथं येणार हे ठाऊक होतं.

मी तिला नीट बघता यावं म्हणून बाजूनं चार पावलं पुढं गेलो. बेसवरचा निळा दिवा लुकलुकू लागला, आणि माझ्या बोटांखालचा आवाज नाहीसा झाला. तारांचा नुसता कोरडा खरखराट उरला. वर पाहिलं तर मी पाण्याच्या टँकरच्या आड येऊन उभा होतो. भरलेला टँकर, माझ्या आणि स्टेजच्या बरोबर मध्ये.

परात गप्प झाली. बाया आपापल्या पुऱ्या लाटत होत्या. मायनं लाटणं पोळपाटावर ठेवलं आणि मान वर केली.

"थांबा व," ती म्हणाली.

"काय झालं बाई?"

"पोट्टा थांबला."

"कोनता पोट्टा?"

"माह्या." तिनं कनातीच्या दिशेनं कान केला. "वायर निघाला वाट्टे. हट्ट्याच्या लग्नात बी असाच निघाला होता. अर्धं गानं पोट्ट्याचा हात फुकट गेला होता."

हट्ट्याच्या त्या गर्दीत, टाळ्या वाजवणाऱ्या शेकडो माणसांत, एकालाही कळलं नव्हतं. ते कनातीमागं, परात गप्प झाली म्हणून, एका बाईला कळलं होतं. ती घरी येऊन तेलाची वाटी घेऊन बसली होती आणि मी हात ओढून घेतला होता.

मी आवाज न करता चार पावलं मागं सरकलो. दिवा स्थिर झाला. परात किणकिणली.

"हं," माय म्हणाली. "लागला." आणि लाटणं उचललं.

मी तिच्यापुढं गेलो नाही. पुढं जाऊन दाखवायचं काही राहिलंच नव्हतं. पंगत उठेपर्यंत मी तिथंच, तिच्या पाठीमागं, कनातीला टेकून वाजवत राहिलो. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण भट्टीच्या धुरात ते कोणाला वेगळं दिसलं नसतं. तिनं एकदाही मागं पाहिलं नाही. कशाला पाहील? मी समोर स्टेजवर आहे हे तिला पक्कं माहीत होतं.

चार वाजता सगळं आटोपलं. आमच्यात वाजवणारे आणि रांधणारे शेवटी जेवतात. पोती अंथरून आम्ही बसलो, मी मुद्दाम मायच्या शेजारी. तिनं माझ्या पानात वरण वाढलं. मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"माय, तू कधी समोर येऊन नाही आयकलं माह्यं वाजवनं."

ती भात कालवत होती. "समोर काय आयकू येते?" ती म्हणाली. "तिथं तं सारेच वाजवते."

मग घास उचलत, "आन मी समोर येऊन बसलो असतो तं पुऱ्या कोन लाटल्या असत्या?"

मी मान खाली घालून जेवलो.

या साली माघात हंगाम पुन्हा लागला. गाडीत मागं त्याच चार बाया, पोळपाटांची पिशवी दुसरीच्या मांडीवर. पूल आला तेव्हा माझेच हात जोडले गेले. पंगतीच्या वेळी मी उतरलो आणि वाजवत कनातीच्या आत गेलो. तसाच गंज होता, तशीच उलटी परात, आणि ती किणकिणत होती. मी बोटं थांबवली. परात गप्प झाली. बायांची लाटणी चालत राहिली, आचारी कढईत झारा फिरवत राहिला. मी दहा ठोके मोजले आणि पुन्हा वाजवायला लागलो.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. माय ओट्यावर बसली होती, बाजूला तेलाची वाटी.

"कसं झालं?"

"झालं चांगलं. एका जागी थांबलो होतो माय."

"काहून?"

मी तिच्याजवळ ओट्यावर बसलो.

"आता मले तिथलं काय मालूम," ती म्हणाली. "सांगत जाय. दे हात."

मी दोन्ही हात पुढं केले.